वरच्या तीन पट्ट्या

मंडळी, पनवेलच्या सायबर कॅफेतून घाईत लिहितोय. दुरुस्त करायला विकत घेतलेला तो टेपचा जुना कीबोर्ड आज वाजला! त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा वेगळा तुकडा असतो. सगळ्यांवर एकाच बाईंचे सूर.

बुरशी पुसून एकेक सूर शेवटपर्यंत ऐकला. संपताना बाई खोकतात. वरच्या पट्ट्यांकडे जावं तसा खोकला वाढतो. शेवटच्या तीन टेप कोऱ्या.

कीबोर्ड विकणारे पळस्प्याचे म्हातारे रेकॉर्डिस्ट म्हणाले, "बाई बोलल्या, बाकीचं उद्या गाते. परत आल्याच नाय."

बायको म्हणाली, "त्यात काय, मी गाते!" दुपारी पहिला सूर रेकॉर्ड केला.

ऐकला. शेवटी खोकला आहे. ती म्हणते, "मी कुठे खोकले?"

उरलेले दोन तिला गाऊ देऊ का? लवकर सांगा. ती घरी घसा साफ करून बसलीय.