न सुटलेली शपथ

दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. सकाळी श्रीनिवासचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अंबादासला खाली निजवलं होतं. इतकी वर्षं चाकाच्या खुर्चीत अर्धाच दिसलेला माझा मित्र आडवा झाल्यावर केवढा उंच होता, हे मी विसरूनच गेलो होतो... दहाव्याला माणसं जमली तेव्हा श्रीनिवास वडिलांविषयी थोडं बोलला. "बाबा आयुष्यात कशालाच भ्याले नाहीत. फक्त जत्रेतल्या पाळण्याला भ्यायचे," असं तो म्हणाला आणि रडणारी माणसंही हसली. मी पुढच्याच सतरंजीवर बसलो होतो. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. अंबादास पाळण्याला भीत नव्हता. भीत होतो तो मी.

आम्ही दोघं एकाच चादरीच्या कारखान्यात होतो. मी मंगळवेढ्याहून आलेला कारकून. तो माग दुरुस्त करायचा. घरात तेलुगू, पण मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. माळ्यावरून सुताचं गाठोडं काढताना तो पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर घरी येणारी माणसं त्याच्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघून उसासे टाकायची. त्याला त्याचा फार वैताग यायचा. मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली, मैदानावर पाळणे उभे राहिले आणि तो मला म्हणाला, "मला पाळण्यात बसव की." मी म्हटलं, "वेडा का तू?" तर म्हणाला, "पाळण्यात कोण चालतंय बे? समदे बसूनच असतात की."

त्याची बायको, लक्ष्मीवहिनी, तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आहात म्हणून सोडते." ते वाक्य मी पदकासारखं छातीवर लावून फिरलो. पुढे कित्येक वर्षं आम्ही गड्ड्यावर जात राहिलो. खुर्ची मिटवून तिकीटवाल्याजवळ ठेवायची, अंबादासला पाठुंगळी घ्यायचं, पाळण्यात बसवायचं आणि पाय घसरू नयेत म्हणून त्याच्या गुडघ्यांभोवती टॉवेल बांधायचा. पाळणा वर गेला की तो दोन्ही हात सोडून द्यायचा. मी दांडी धरून डोळे मिटून बसायचो. "डोळे उघड बे, तुझं मंगळवेढं दिसतंय," असं म्हणून तो मला कोपरानं ढोसायचा. एकदा म्हणाला, "खुर्चीत बसून मला लोकांचे नुसते पट्टे दिसतात. हितनं टकली दिसतात. लई बरं वाटतं." खाली आल्यावर त्याचा चेहरा असा लाल झालेला असायचा, की वहिनी दारातच त्याच्याकडे बघून हसायच्या. त्या घरात एरवी हसू कमीच होतं.

एका वर्षी मोठी नाव आली. दोन्ही बाजूंनी आभाळाकडे झोके घेणारी. त्याला तीच हवी होती, तीही टोकाची जागा. नाव वेगात आली आणि मी डोळे मिटून दांडीला मिठी मारली. तो ओरडत होता, आनंदानं. मीही ओरडत होतो, "थांबवा, अपंग माणूस आहे, थांबवा." होय, त्याचं नाव पुढे करून ओरडलो. चालवणाऱ्यानं नाव थांबवली. मला अजून दांडी सोडवत नव्हती. थोडा वेळ बसलो असतो तरी चाललं असतं, पण लोक बघत होते, म्हणून मी घाईनं त्याला पाठीवर घेतलं आणि पायरीवरून आम्ही दोघं कोसळलो. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. पायाला जाणीवच नव्हती, त्यामुळे त्याला कळलंही नाही. तो जमिनीवर पडून हसत होता आणि म्हणत होता, "परत एकदा जाऊ की."

दवाखान्यात वहिनी धावत आल्या. "काय झालं, भावजी?" त्या विचारत होत्या ते मला. तो शेजारी खाटेवर होता. मी म्हणालो, "अंबादास घाबरला. थांबवा म्हणाला, आणि उतरताना त्यानं अंग टाकलं." वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय. लई घाबरलो." वहिनींनी त्याचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घातली, "परत कुठल्या पाळण्यात बसलात तर माझं मेलेलं तोंड बघाल."

अशी शपथ मोडत नाहीत. मोडली तर घालणाऱ्याच्या जिवावर येते, असं आम्ही सगळेच लहानपणापासून मानत आलो. ती जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणावं लागतं. दुसऱ्या कुणाला ते म्हणता येत नाही. हाड जुळल्यावर अंबादास मला म्हणाला, "तिला खरं सांगून टाक बे. रागावेल चार दिवस, मग सुटली म्हणेल." मी म्हणालो, सांगतो. पुढच्या गड्ड्याला त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, सांगतो. त्यानंतर त्यानं विचारणं सोडून दिलं. तो स्वतः सांगू शकला असता. पण मग वहिनींनी मला दारात उभं केलं नसतं, हे त्याला माहीत होतं, आणि मी दारात येणं त्याला हवं होतं. घरात त्याची थट्टा सुरू झाली. पोरं भोवरा फिरवतानासुद्धा म्हणायची, बाबांना दाखवू नका, घाबरतील. तोही हसायचा.

वहिनी शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळल्या होत्या. एका दुपारी तो खालच्या गल्लीत होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. "भावजी, ते खरंच घाबरले होते का हो? गड्डा आला की ते गप्प होतात. मला वाटतं, मी उगीच बांधून ठेवलं त्यांना. नसतील घाबरले तर आत्ताच सोडवते." सगळं माझ्या हातात आलं होतं. त्या बाई मरणाच्या दारात होत्या. त्यांच्या नजरेतून उतरायला किती दिवस उरले होते? तरीही मी म्हणालो, "हो वहिनी, फार घाबरला होता तो." त्यांनी मान हलवली. "मग असू दे," म्हणाल्या.

पुढे श्रीनिवासनं सगळ्यांना गाडीनं एका मोठ्या थीम पार्कला नेलं. मलाही नेलं. तिथे खुर्चीसाठी उतार होते, वेगळी रांग होती, छातीवरून येणारे पट्टे होते. पाठुंगळी घेण्याची गरजच नव्हती. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, मी बसवतो तुम्हाला." अंबादास म्हणाला, "नको, मला भीती वाटते." सगळे वर गेले. आम्ही दोघं पिशव्या सांभाळत खाली बसलो. त्याची मान मात्र प्रत्येक झोक्याबरोबर वर जात होती, खाली येत होती. मी हळूच म्हणालो, "आता वहिनी नाहीत. बस की." त्यानं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाला, "ती नाही म्हणूनच तर. असती तर तिनं सोडवली असती." त्याला मी त्या दुपारचं सांगितलं नाही. तो गेला तोपर्यंत सांगितलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी श्रीनिवासकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे बाबा भीत नव्हते?" नाही, मी म्हणालो. "मी माझ्या लग्नात सगळ्यांसमोर त्यांची नक्कल केली होती, काका. घाबरलेल्या बाबांची." मग आम्ही अंबादासच्या खोलीत गेलो. खिडकीजवळच्या फरशीवर चाकांचे दोन काळपट पट्टे उमटलेत. पुसून जात नाहीत, असं सूनबाई म्हणाली. जत्रेच्या दिवसांत तो संध्याकाळभर तिथेच खुर्ची लावून बसायचा. समोर घरं आडवी येतात, पण पाळण्याचा वरचा भाग फिरताना छपरांच्या वर दिवे उगवतात आणि मावळतात, तेवढे तिथून दिसतात. खुर्ची चांगली आहे, कुणा गरजूला देऊन टाका, असं मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

श्रीनिवासनं खुर्ची ओढून खिडकीशी नेली, त्या पट्ट्यांवर नीट उभी केली आणि तिचे ब्रेक लावले.

"गड्डा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."