उदबत्तीच्या राखेतले कुळीथ

मी खोटारडी नाही. पण त्या वर्षी एक लबाडी केली, आणि तीही देवापुढच्या राखेने.

चंडीगढच्या आमच्या सेक्टरात दर रविवारी पिंजौरपलीकडच्या डोंगरातून एक बाई भाजी घेऊन यायची. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ, मला भाभीजी म्हणायची. नवरा-बायकोचं शेत जेमतेम एकराचं. शेणखत, गोमूत्र आणि घरचं बी, औषधाची फवारणी कधी नाही. तिच्या मेथीचा वास अजून नाकात आहे. काय ते रविवार होते!

लॉकडाऊनच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा ती पत्र्याचा डबा घेऊन आली. आत राखेत घोळवलेले कुळीथ, पेरणीचं बी, सासूच्या हातापासून चालत आलेलं. बस बंद झाली की भाजी विकता येणार नाही, पीठ-तेल येणार नाही. मग मुलांची तोंडं बघून आपणच हे शिजवून टाकू, याची तिला भीती होती. म्हणून भरल्या घरात ठेवायला आणलं. पावसाच्या तोंडावर नेईन म्हणाली. मी बरं म्हटलं.

आता माझं माहेर कोकणातलं. नवरा डॉक्टर, पंधरवडाभर कोविडची ड्युटी करून घरी आला तो निम्मा होऊन. जेवण जाईना. म्हणाला, कुळथाची पिठी आणि भात मिळाला असता तर! मी डबा उघडला. चार मुठी काढल्या, राख धुतली, वाळवून भाजल्या आणि मिक्सरला लावल्या. पहिल्या घासाला मला रडूच फुटलं, इतकी आईची आठवण आली. मग काय, चटक लागली. दुकानातले आणून भरू, कुळीथ म्हणजे कुळीथ, असं मनाला समजावत जूनपर्यंत डबा तळाला नेला.

दुकानातले आणून वर भरले. गॅसच्या घरात राख कुठली? उदबत्तीची गोळा करून चोळली. केवढी माझी हुशारी!

ती आली तेव्हा गाल बसले होते. डबा उघडून तिने वास घेतला, मूठभर दाणे तळहातावर पसरले. तिचे बारीक, काळपट. हे टपोरे, तांबूस आणि चंदनाच्या वासाचे. मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"स्वाद आया?" तिने विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

"हमने तो चखा भी नहीं."

तिने डबा फरशीवर उपडा केला. तळातल्या तिच्या दोन मुठी दोघींनी बसून निवडल्या, त्या ओढणीच्या टोकाला बांधून, रिकामा डबा उचलून ती गेली. तेवढेच पेरले. आलं ते सगळं पुन्हा बियाण्यालाच ठेवलं. त्या हिवाळ्यातही तिच्या घरी कुळीथ शिजला नाही.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बंदच्या बातम्या आल्या आणि ती तोच डबा घेऊन दारात. माझ्याकडे नको गं, म्हटलं.

"अब आपसे ज़्यादा कौन सँभालेगा?"

तेव्हापासून डबा दर मार्चला येतो, पावसाला जातो. मी झाकण उघडत नाही. घरी कुळीथ शिजला का, एवढंच विचारते. तिसऱ्या वर्षी ती हो म्हणाली. त्या दिवशी मीही, त्या जूननंतर पहिल्यांदाच, दुकानातले कुळीथ आणून पिठी केली.