वाचनाचा संकलप

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन बारामतीहून कळसला आले, त्याच्या पुढच्या जानेवारीत मी ठरवलं की वर्षभर आठवड्याला एक पुस्तक वाचायचं. माहेरी कॉलेजच्या वाटेवरच वाचनालय होतं, त्यामुळे असलं काही ठरवायची कधी गरज पडली नव्हती. सासरी आल्यावर माझं वाचन म्हणजे किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचणं, एवढंच उरलं. मला धास्तीच बसली. असंच चाललं तर वाचणारी मी हळूहळू नाहीशी होईन आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं वाटायचं.

पण घरात सांगायचं कसं? मला वाचायला वेळ हवा, असं नव्या सुनेनं सरळ म्हणायची टाप नव्हती. म्हणून एके दिवशी जेवताना जरा पुस्तकी भाषेत सांगून टाकलं, की मी नवीन वर्षाचा संकल्प केलाय, वाचनाचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचा हात ताटातच थांबला. हा शब्द मी वर्तमानपत्रातून उचललेला. त्यांच्या लेखी संकल्प म्हणजे देवापुढे पाणी सोडून घेतलेलं व्रत.

"संकलप घेतलास व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मोडायचा न्हाय, पोरी. मोडला की घराला बाधतं."

मी त्यांचा गैरसमज दूर करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वाचायला मिळतंय ना, मग कुठल्या का नावानं मिळेना.

दुसऱ्या दिवसापासून नियम लागू झाले. वाचायच्या आधी हातपाय धुवायचे, पाटावर बसायचं, पुस्तक मांडीवर न घेता चौरंगावर ठेवायचं. पहिल्या पानाला हळदकुंकू. खुनाची कादंबरी असो की प्रेमाची, उदबत्ती लागायचीच. पुस्तकं आणायचे आमचे हे. ते बारामतीच्या मार्केट यार्डात कामाला होते आणि रोज एसटीनं जाऊन येऊन करायचे. वाचनालयातल्या बाईंनी त्यांना एकदा विचारलं, की पुस्तकं स्वयंपाकघरात ठेवता का, पानं पिवळी कशी होतात? ह्यांनी खाली मान घालून 'हो' म्हटलं.

त्या बदल्यात मला रोजची दुपार मिळाली. शेजारणी बोलवायला आल्या की आत्या त्यांना दारातच अडवायच्या, तिचा संकलप चालू हाय, मागनं या म्हणून. भरदुपारी निवांत बसलेली सून अख्ख्या गावात मी एकटीच असेन.

पंचाईत एकच होती. पोथी अर्धी सोडायची नसते, त्यामुळे कंटाळवाणं पुस्तकही टाकून देता येईना. ह्यांना पुस्तकांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आधी बायकोला पुरावीत म्हणून जाडजूड आणली, मी चिडल्यावर बारकी आणायला लागले. कोंबडीपालनाचं एक पुस्तक मी उदबत्तीच्या धुरात पार शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कोंबड्यांच्या रोगांबद्दल मला आजही खुशाल विचारावं.

आत्या शेजारी धान्य निवडत बसायच्या आणि आज काय आलं ते विचारायच्या. एकदा मीच विचारलं, तुम्हाला येतं का वाचायला? त्यांना लहानपणी सांगवीच्या शाळेत घातलं होतं. पण घर मेंढरांमागचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणाकडं निघायचं. शाळेत सुटी अक्षरं दिवाळीआधी व्हायची आणि जोडाक्षरं दिवाळीनंतर. दरवर्षी त्यांना पहिलीत बसवलं आणि दरवर्षी जोडाक्षरांच्या तोंडावर उठवलं. साधं येतं, जोडलेलं येत न्हाय, असं त्या हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

त्याच वर्षी मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. डिसेंबरच्या अखेरीस बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली. कळसला घरी आले तेव्हा वर्षाचे थोडेच दिवस उरले होते आणि एक पुस्तक. ते मी उशाशी घेतलं, तर आत्यांनी काढून घेतलं. बाळंतिणीनं वाचलं तर डोळे जातात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, राहू द्या मग, एक राहिलं तर काय बिघडतंय?

त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी बाळाकडं बघितलं. मी वाचलं तर माझे डोळे जाणार, नाही वाचलं तर संकल्प मोडून बाळाला बाधणार. दोन्ही नियम त्यांचेच, आणि मधल्या मध्ये त्या अडकलेल्या. मला त्यांची फार दया आली. मी खरं काय ते सांगून टाकलं, की मी देवापुढे पाणीबिणी काही सोडलं नव्हतं, तो नुसता शब्द होता.

"शबूद दिला म्हंजी दिलाच की," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या धड जेवल्याही नाहीत.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी हातपाय धुतले, पाट माझ्या बाजेजवळ ओढला आणि पुस्तकाला हळदकुंकू लावलं. "घरातल्या कुणीबी पुरा केला तरी चालतंय," असं म्हणून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

पुस्तक लहान मुलांचं होतं, मोठ्या टायपातलं. वाट चुकलेल्या शेळीची गोष्ट. आत्या एकेक अक्षर बोटानं दाबून धरत वाचत होत्या. जोडाक्षर आलं की थांबायच्या आणि त्याच्या आधीची, नंतरची अक्षरं मला सांगायच्या. मी पुस्तकाकडं न बघता अंदाजानं शब्द सांगायचे. मध्येच त्यांनी हरकत घेतली, की शेळी वाट चुकत नाही, मेंढरू चुकतं. चहाची वेळ टळली. हे कामावरून आले आणि चपला हातात घेऊन दारातच उभे राहिले.

शेवटच्या पानाच्या तळाशी एकच शब्द होता. "स... मा..." आणि बोट थांबलं. मी सांगणार, तेवढ्यात आत्यांनी हात वर करून मला गप्प केलं. बराच वेळ त्यांचे नुसते ओठ हलत राहिले.

"समापत," त्या म्हणाल्या. "पुरा झाला."

पुस्तक मिटून त्यांनी आधी बाळाच्या कपाळाला लावलं, मग माझ्या डोळ्यांना. मला रडू आवरेना. बाळंतिणीनं रडायचंही नसतं, म्हणून त्या माझ्यावर रागावल्या.

त्या वर्षीच्या बहुतेक पुस्तकांची आता मला नावंसुद्धा आठवत नाहीत. शब्दन्‌शब्द पाठ आहे ते एकच, आणि ते मी वाचलेलं नाही.