‘श्रीयुत’ अंबूवहिनी

बाईनं लिहायला घेतलं की काय काय घडतं, ते आमच्या अलिबागच्या भगिनी मंडळाला विचारा. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर दुसरा त्याचा पदर धरून उभाच. लग्न होऊन नुकतीच आलेली मी दुपारी भागीरथीकाकूंच्या ओटीवर जायची. घरच्यांना वाटे, बायका वाती वळतायत. वळत होतोच; पण एकजण वाचायची आणि बाकीच्या वळायच्या.

*

आमच्यातल्या लिहिणाऱ्या म्हणजे अंबूवहिनी. नवरा कचेरीत कारकून. त्यांची पहिली कथा पुण्याच्या मासिकात आली. अंक उघडून बघतो तर नावाआधी ‘श्रीयुत’! वहिनींनी संपादकांना कळवलं, मी बाई आहे. उलट टपाली कार्ड आलं: ‘कथा फार धीट आहे. बाईची म्हटली तर वाचक रागावतील. आपल्या भल्यासाठीच केले.’

भागीरथीकाकूंनी कार्ड पुन्हा वाचून घेतलं. म्हणाल्या, “बाळंत झाली ही, आणि बारसं करून गेला तो.”

*

दुसरी कथा वहिनींनी हट्टानं स्वतःच्या नावानं छापून घेतली. त्यात एक नवरा होता, बायकोशी बोलायचं तर मांजराकडे बघून बोलणारा. आमच्या शेजारच्या वकिलांनी ती बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. पोट धरून हसले. “असा वेडा माणूस असतो तरी का?”

मग पायाशी बसलेल्या मांजराला म्हणाले, “मने, पान आण.”

वकिलीणकाकूंनी हे आम्हाला सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. आम्हीही नाही.

*

मुंबईचे एक विद्वान बोटीनं रेवसला उतरून व्याख्यानाला आले. विषय, ‘स्त्रियांनी लिहावे काय?’ पुरुष पुढे, आम्ही चिकाच्या पडद्याआड. शेवटी त्यांनी विचारलं, “भगिनींना काही शंका?”

अंबूवहिनी उठल्या. “तुम्ही लिहायला बसता, तेव्हा घरात पाणी कोण भरतं?”

विद्वान म्हणाले, “हे विषयाला धरून नाही.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी वहिनींच्या नवऱ्याला बोलावलं. “घराकडे जरा लक्ष द्या.” बिचारे त्या दिवशी जेवले नाहीत.

*

नंतर आली ती केशवपनाची कथा. विधवा झालेल्या पोरीला धरून न्हाव्यापुढे बसवतात, ती. गावात आग लागल्यासारखं झालं. वहिनींना हळदीकुंकवाला कुणी बोलवेना. भटजींनी श्राद्धाला यायचं नाकारलं. एके दिवशी चार प्रतिष्ठित मंडळी भटजींना घेऊन त्यांच्या ओटीवरच येऊन बसली. “हे खोटं आहे असं लिहून द्या, म्हणजे मिटलं.”

वहिनींचा नवरा मान खाली घालून बसलेला. आम्ही दोघी-तिघी माजघरात, वहिनींचा हात धरून.

तेवढ्यात वहिनींच्या सासूबाई बाहेर गेल्या. विधवेच्या लाल आलवणातल्या, परपुरुषासमोर कधी न आलेल्या. आम्हाला वाटलं, संपलं आता.

भटजी म्हणाले, “काकू, तुम्हीच सांगा. हिनं लिहिलंय ते खरं आहे का?”

सासूबाईंनी सगळ्यांदेखत डोक्यावरचा पदर मागे सारला.

“सगळं नाही,” त्या म्हणाल्या.

मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला.

“वस्तरा बोथट होता. ते हिनं गाळलंय.”