सीटखालची वायर

करंजाड्याच्या पुढे हरेशचं लग्नाचं लॉन आहे आणि तिथलं गवत कापतो त्याचा सख्खा मामा, कमळाकर घरत. लाल रंगाची, वर बसून चालवायची गाडी आहे, पोटाखाली पाती गरगरणारी. पाहुणे गाडीसोबत फोटो काढतात; चालवणाऱ्याला विचारतो कोण! पण गाडी जपावी तर कमळाकरनेच. पात्यांना धार लावायची तर आधी प्लगची वायर काढणार, काम झालं की खालचं गवत खरवडून धुणार.

गाडीच्या सीटखाली एक स्विच होता. पाती बंद करायला खटका वेगळा असतो, पण माणूस घाईत विसरतो. म्हणून चालवणारा सीटवरून उठला की या स्विचने गाडीच बंद पडायची. हरेशने मेकॅनिककडून वायर जोडून तो स्विच निकामी करून टाकला. का, तर मामा गवतातला कचरा वेचायला सारखा उतरतो, गाडी बंद पडते, बॅटरी मरते, आणि सीझनला दिवसाला दोन-दोन कार्यक्रम.

"हरेश, ती वायर काढ. एक दिस पाय जायचा माजा."

"जमत नसंल तर सांग मामा, दुसरा मानूस आनतो," हरेश हसत म्हणाला. "आनि मनस्वीची हळद आपल्याच लॉनवर हाय ना?"

झालं, कमळाकरने वायरचा विषय सोडला. एकुलत्या एका पोरीची हळद आणि लग्न आपल्या लॉनवर, तेही फुकट, असं भाच्याने चार माणसांत जाहीर केलं होतं. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या होत्या.

हळदीला आठ दिवस उरले होते. गाडी चालवताना कमळाकरला गवतात मांडववाल्यांचा खिळा दिसला. त्याच वेळी फोन वाजला. बोलता बोलता तो उतरला, खटका बंद करायचा राहिला, आणि ओल्या गवतावर घसरून पाय पात्याखाली गेला. बुटाचं टोक उडालं. बोटं वाचली ती नशिबाने. घरी त्याने चकार शब्द काढला नाही, बूट तेवढा मोरीमागे टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्वी तोच बूट हातात घेऊन लॉनवर हजर.

"पप्पा, हे काय आहे?"

त्याला सगळं सांगावंच लागलं.

"नको मला हे लॉन. आपल्या दारात मांडव घालू. आत्याची हळद दारातच झाली होती ना?"

क्षणभर कमळाकरला इतकं हलकं वाटलं! मग बहीण, हरेशची आई, डोळ्यांसमोर आली, भावकी आली, आणि तो पोरीवरच खेकसला, "पत्रिका वाटल्यात, बाय! तुज्या सासरची मानसं काय म्हनतील?"

"आणि तुमचा पाय गेला तर?"

तो गाडीवर चढून बसला. समोर आदल्या रात्री झालेल्या कुणाच्या तरी हळदीतली बाटल्यांची बुचं, खिळे, तारा सगळीकडे पसरल्या होत्या. मनस्वीने पर्स खाली ठेवली, बादली घेतली आणि ती वाकून वेचायला लागली.

"राव दे गो. मी करतो."

"तुम्ही उतरू नका, पप्पा. हळदीपर्यंत रोज ऑफिसच्या आधी येऊन मी वेचीन."

स्वतःच्या हळदीसाठी पोर खिळे वेचत होती. आठ दिवसांनी ती सासरी उरणला जाईल आणि वायर मात्र इथेच राहील, हे कमळाकरला बसल्या जागी उमगलं. त्याला रडू कोसळलं. ती लांब गेल्याचं बघून त्याने चावी फिरवली.