स्टेलाबाई आणि काचेचे मणी

बाळकुमच्या स्टेलाबाई ठाण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काचसामान धूत होत्या. त्यातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे काचेचे मणी. साबुदाण्याएवढे मणी जिवाणूंचं पाणी, ते वाढवायच्या चपट्या बशीभर सारखं पसरवायला लागत. थेंब टाकायचा, पाचसहा मणी सोडायचे आणि बशी हलवायची. राईहून बारीक मणी यीस्टसोबत नळीत घालून जोरात घुसळले की यीस्टच्या पेशी फुटत. वापरून झाले की सगळे बाईंकडे. आधी वाफेत उकडायचे, मग साबण, मग सौम्य आम्ल, मग पाणी बदलत सात वेळा खळबळायचे. वाळवून बाटल्यांत भरले की निर्जंतुक करायला पुन्हा वाफेच्या यंत्रात. बाईंचे हात सोलवटलेले, गुडघे कुरकुरणारे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मार्चमध्ये रसिका नावाच्या संशोधक मुलीच्या कोऱ्या बशांत, जिथे काहीच वाढायला नको, तिथे जिवाणूंचे ठिपके उगवले. तीन आठवड्यांचं काम फुकट गेलं. बैठकीत प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, मणीच नीट धुतलेले नसणार. होते नव्हते तेवढे मणी बाईंनी दोन दिवस उभं राहून पुन्हा धुतले. तरी ठिपके आलेच.

मग बाटल्या मांडताना त्यांची नजर झाकणावरच्या चिकटपट्टीवर गेली. पुरेशी वाफ मिळाली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. या जेमतेम राखाडी होत्या. त्यांनी रसिकाला बोलावून यंत्र सुरू केलं. दाराच्या फटीतून वाफ निसटत होती. आतलं रबर चिरलेलं.

"आंटी, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून आवाज येतोय. एकदा सांगितलेलं मी ऑफिसात. कोण आलं नाय. मग मी पण परत नाय सांगितलं. दमलेली गं मी."

रसिकाने सरांना सगळं सांगितलं. रबर बदललं, बशा कोऱ्या राहू लागल्या. बाईंची माफी मात्र एकट्या रसिकानेच मागितली.

पुढच्या महिन्यात ठरलं की यापुढे पाकिटबंद, निर्जंतुक मणीच मागवायचे, एकदा वापरून टाकून द्यायचे. रसिकाने ते जरा चाचरतच सांगितलं.

"बारीकवाले पण?" बाईंनी विचारलं.

"हो, सगळेच."

"बरं झालं."

त्या दुपारी त्या बेसिनशेजारच्या स्टुलावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण जाणवत होते ते फक्त दुखणारे पाय. थोड्या वेळाने उठून त्यांनी चंचुपात्रं धुवायला घेतली.