रोख दोन हजार आणि बाकीचे फटाके

आमच्या रॉक बँडमध्ये आम्ही चौघं. ड्रमवाला एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, गिटारवाला येडशीला मोबाईलच्या दुकानात बसायचा, गाणाऱ्या ताई येरमाळ्याच्या शाळेत शिकवायच्या आणि मी बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती मधेच थांबली तरी कुणाला कळत नाही, असं ड्रमवाल्याचं ठाम मत होतं.

पहिल्या तीन कार्यक्रमांत आमची कमाई झाली ती अशी: एकदा शाल आणि नारळ, एकदा मटणाचं जेवण, एकदा 'पुढच्या वेळी बघू'. शाल ताईंनी नेली, नारळ गिटारवाल्यानं. जेवण सगळ्यांना होतं, पण ड्रमवाल्यानं त्यातही आघाडी घेतली.

चौथी सुपारी तेरखेड्याची. दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. चार हजार ठरले. दुकानासमोरच्या मांडवात भर दुपारी आम्ही तासभर वाजवलं. पुढच्या रांगेतल्या दोन आजोबांनी कानात बोटं घातली, पण जागा सोडली नाही. आम्ही ती दाद समजलो.

कार्यक्रम संपल्यावर मालक जवळ आले. "लई आवाज हाय की तुमचा. आमच्या मालाला भारी पडला," म्हणाले. मग त्यांनी दोन हजार माझ्या हातात ठेवले आणि दोन खोकी पुढं सरकवली. "बाकीचं ह्यात धरा. बाजारात तीन हजाराचा माल हाय."

"मालक, सगळं रोख ठरलं होतं," मी म्हणालो.

"व्हय की. पर तुमच्या घरी दिवाळी न्हाय का?"

खोकी घेतली. फटाके टेम्पोत ड्रमशेजारी ठेवताना बघून टेम्पोवाल्यानं ओढत असलेली बिडी विझवली आणि येरमाळ्यापर्यंत दुसरी पेटवली नाही. त्याचं भाडं बाराशे. उरलेले आठशे आम्ही दोनदोनशे वाटून घेतले. तिथंवर सगळं गोडीत चाललं होतं.

ताईंच्या ओसरीवर खोकी उघडली आणि भांडण लागलं. ड्रमवाल्यानं सगळे सुतळी बॉम्ब आपल्याकडं ओढले. "ज्याचा जेवढा आवाज, तेवढा त्याचा वाटा," म्हणाला. माझ्यापुढं त्यानं फुलबाज्यांची दोन पाकिटं टाकली. गिटारवाल्याला रॉकेटं हवी होती, कारण त्याचे सूर वर जातात म्हणे.

"आन् लोक आले कुणाला ऐकायला?" ताईंनी विचारलं. मग त्यांनी दोन्ही खोकी बंद केली. त्यांच्या भावाचा परवाना असलेला फटाक्यांचा स्टॉल होता, तिकडं सगळा माल पाठवून दिला.

चार दिवसांनी ताई अडीच हजार घेऊन आल्या आणि त्यांनी ओसरीवर पाचपाचशेचे पाच ढीग लावले.

"पाचवा कुणाचा?" ड्रमवाल्यानं विचारलं.

"बँडचा. तारा तुटतात, वायरी जळतात. ते कुठनं आणायचं?"

"बँडला काय बायकापोरं हायत?"

ताईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की पाचवीचा अख्खा वर्ग गार पडावा. ड्रमवाल्यानं आपले पाचशे उचलले आणि खिशात घातले. मी मात्र मनातून खूश होतो. फुलबाज्यांच्या दोन पाकिटांवरून मी त्याच्या बरोबरीला आलो होतो.

बँडच्या त्या ढिगाला हात लावायची पहिली वेळ महिन्याभरानं आली. कळंबच्या कार्यक्रमात ड्रमचं कातडं फाटलं. ड्रमवाला ते फाटकं कातडं घेऊन ताईंसमोर आला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आपल्या बँडकडं किती हायत?"

'आपला बँड' हे शब्द त्याच्या तोंडून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.